स्वयंपाकघर नसलेली खोली

(मॉरिशस, कास्काव्हेल गाव. डिसेंबरातली दुपार. व्हरांड्यात धनवंती शेंगा सोलत बसली आहे. शेजारी मुलगा देवानंद मोबाइलवर समुद्राकाठचे भाड्याचे बंगले शोधतोय, सून प्रेमिला कपड्यांच्या घड्या घालतेय.)

देवानंद : हा तिसरा बघ, आई. हाही मॉन शुआझीचाच. तीन शेगड्या, ऐसपैस ओटा, मागच्या अंगणात बिर्याणीच्या डेगीला चूल मांडायला जागा. नळसुद्धा अंगणातच. आणखी काय पाहिजे?

धनवंती : समुद्र कुठून दिसतो?

देवानंद : पुढच्या व्हरांड्यातून. चाळीस पावलांवर पाणी.

धनवंती : आणि स्वयंपाकघरातून?

देवानंद : ते मागे असतं गं. सगळ्याच बंगल्यांचं मागे असतं. थांब, फोटो आहे. खिडकीतून... शेजारच्यांची भिंत दिसतेय.

धनवंती : गेल्या वर्षीची भिंत निळी होती. त्याच्या आदल्या वर्षी पेरेबेरला होतो, तिथं गॅसच्या टाक्या दिसायच्या.

देवानंद : टोमणे नको मारूस. तेवीस माणसं आहेत. बाबा होते तेव्हापासून एकतीस तारखेला आपण सगळे बंगल्यावर जातो. आज ठरवला नाही तर हाही जाईल हातचा.

धनवंती : मग ठरव की. मी कुठं अडवलंय? मी तिथं राहणार नाही, एवढंच.

देवानंद : राहणार नाही म्हणजे?

धनवंती : हॉटेलात राहणार. त्याच किनाऱ्यावर, तुमच्यापासून चालत वीस मिनिटं. खोली घेतलीये.

देवानंद : घेतलीये? कुणी?

धनवंती : मी. सोमवारी फोन केला. तिथली पोरगी म्हणाली, किती जण? म्हटलं, एक. म्हणाली, नव्या वर्षाला एकट्याच? म्हटलं, हो बाई, कधी नव्हे ते.

प्रेमिला : जेवणासकट?

धनवंती : तिन्ही वेळचं. खोलीत चहाची किटली असते म्हणाली. तीसुद्धा काढून ठेवा म्हणून सांगितलं.

देवानंद : प्रेमिला, हसू नकोस. अगं आई, लोक काय म्हणतील? पोरंबाळं इकडे सेगाच्या तालावर नाचतायत आणि आई तिकडे गोऱ्या पाहुण्यांत बसलीये! मावशीला काय सांगू? तिला वाटेल, आमचं भांडण झालं.

धनवंती : सांग, आई सुट्टीवर गेलीये. तू बँकेतून सुट्टी घेतोस तेव्हा काउंटरवर जाऊन बसतोस का?

देवानंद : पण स्वयंपाक तूच कर असं तुला कोण म्हणालं कधी? तूच कुणाला हात लावू देत नाहीस. गेल्या वर्षी ही केशर घालायला गेली, तर तिच्या हातातून वाटी काढून घेतलीस. सगळ्यांसमोर.

धनवंती : घेतली. खरं आहे. प्रेमिला, ते माझं चुकलंच.

प्रेमिला : जाऊ द्या हो, आई.

धनवंती : जाऊ कसं देऊ? म्हणूनच तर तिथं राहत नाही. राहिले तर यंदाही घेईन. मला माझा स्वभाव माहीत आहे. फोडणीचा वास आला की मी उठतेच.

देवानंद : म्हणजे इतकी वर्षं तुला तिथं आवडलंच नाही?

धनवंती : आवडलं रे. पाण्यातून ओरडत यायचात, आई, भूक लागली! जीव सुखावायचा माझा. पण गेल्या वर्षी परतताना व्हॅनमध्ये अनिष्काने विचारलं, आजी, तुला पाणी गार लागलं का गं? आणि मला सांगता येईना. तीन दिवस समुद्रावर राहून आले होते, देवा. मला फार वाईट वाटलं. रागही आला. तुमचा नाही. म्हणजे, थोडा तुमचाही.

देवानंद : मग तेव्हाच बोलायचं ना.

धनवंती : आत्ता बोलतेय.

देवानंद : बरं, असं करू. एक तारखेचा स्वयंपाक आम्ही करतो. त्या दिवशी तू नुसती बसून राहा.

धनवंती : म्हणजे मसाला मी वाटून ठेवायचा, कांदा मी तळून ठेवायचा, आणि झाकण तुम्ही उघडायचं. नको.

प्रेमिला : आई, मी आधीच सांगून ठेवते. तुम्ही नसलात की हे तेवीस जणांचं माझ्या गळ्यात येणार. मला नाही जमायचं.

धनवंती : नको जमू देऊस.

देवानंद : अरे, मग करणार कोण?

प्रेमिला : तुम्ही. शेगड्या तुम्हीच मोजल्यात ना?

देवानंद : मी? मला टोमॅटोचा साधा रस्सा येत नाही!

धनवंती : तू, तुझे दोन भाऊ, काका, तीन जावई. दिवसभर पत्ते कुटता. सात जणांच्या चौदा हातांना एक डेग उचलत नाही होय रे?

देवानंद : निदान मसाल्याचं प्रमाण तरी लिहून दे.

धनवंती : मी कधी मोजलंच नाही. पहिली डेग बिघडेल. माझीही करपली होती, तुझ्या बाबांनी पाणी पीत पीत खाल्ली.

देवानंद : तू ऐकणार नाहीस.

धनवंती : नाही.

देवानंद : अजून रद्द करता येत असेल ती खोली.

धनवंती : येते. पण मी करणार नाही. पोहायचा पोशाखसुद्धा शिवून घेतलाय. काळा, गुडघ्यापर्यंतचा.

देवानंद : प्रेमिला, तुला माहीत होतं हे?

प्रेमिला : माप मीच घेतलं. कशाला, ते विचारलं नाही.

देवानंद : आई, तुला पोहता तरी येतं का?

धनवंती : कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला कशाला पोहता यायला हवं? उभी राहीन. कंटाळा आला की बसेन. कुणी हाक मारणार नाही.

देवानंद : ...आम्ही एक तारखेला येऊ का मग? सगळे? वर्षाचा पहिला दिवस आहे, तुझ्या पाया तरी पडू.

धनवंती : या की. पोरांनाही आणा.

देवानंद : दुपारी येतो.

धनवंती : या. फक्त जेवून या.