खिडकीकडचा गाल

ड्रायव्हर : कोणाला सांगून पटणार नाही डॉक्टरबाई, पण माझा हा गाल त्या गालापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे.

डॉक्टर : पटलं. बस चालवायचात ना? खिडकीकडची बाजू आधी म्हातारी होते. सतत ऊन लागतं.

ड्रायव्हर : पटलंसुद्धा? मग मजाच गेली. आणि ऊन काय हो, सगळेच खातात. माझं प्रकरण वेगळं. उतारावर ब्रेक गेले. गाडी खच्चून भरलेली. हातब्रेक ओढला, तर तो उपटून हातात आला. मग काय, डोकं काढलं खिडकीबाहेर, आ वासला आणि गालात वारा भरून घेतला. शिडासारखा फुगला गाल! गाडी अशी अलगद थांबली, की पुढ्यात बसलेली कोंबडी उठलीसुद्धा नाही. तेव्हापासून हा लोंबतोय.

डॉक्टर : जरा गप्प बसा, क्रीम तोंडात जाईल. गाल बधिर व्हायला वेळ लागतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?

ड्रायव्हर : पेन्शनीवर रक्त आपोआपच पातळ होतं. नाही, गोळी नाही.

डॉक्टर : आणि भरायचा एकच गाल?

ड्रायव्हर : एकच. दुसरा बघतंय कोण?

डॉक्टर : म्हणजे?

ड्रायव्हर : आमची ही अंथरुणाला खिळलीय. वर्ष होऊन गेलं. पलंग भिंतीला लागून. मी बाजूला खुर्ची टाकून पेपर वाचून दाखवतो, तर तिला हीच बाजू दिसते. बघते न् म्हणते, "अहो, पार खंगलात माझ्यापायी. मला बहिणीकडे पोचवा." आता बॅगही भरायला लावलीय. रविवारी भाचा येतोय न्यायला.

डॉक्टर : पलीकडून बसा की.

ड्रायव्हर : पलीकडे भिंत.

डॉक्टर : मग पलंग फिरवा.

ड्रायव्हर : फिरवला होता. तिला खिडकी दिसेना. दिवसभर बघायचं काय तिनं?

डॉक्टर : काका, हे फिलर म्हणजे सुईनं आत सोडायची जेल. खड्डा भरेल, काही महिन्यांनी विरून जाईल. पण त्यांना जे दिसतंय, तो खड्डा नाही हो.

ड्रायव्हर : रविवारपुरता भरा. पुढचं मी निभावतो.

डॉक्टर : सूज दिसेल.

ड्रायव्हर : गांधीलमाशी चावली म्हणेन. लग्न झाल्यापासून माझी एक गोष्ट तिनं खरी मानली नाही, पण एकही अर्धी टाकून उठली नाही. बहिणीकडे कोण सांगणार तिला? ती बहीण म्हणजे... जाऊ द्या. औषध वेळेवर देईल, एवढंच.

डॉक्टर : रात्री त्यांची कूस कोण बदलतं?

ड्रायव्हर : मीच की. गजर लावतो.

डॉक्टर : एकदाच?

ड्रायव्हर : वाजेल तेव्हा.

डॉक्टर : मग तुम्ही झोपता कधी?

ड्रायव्हर : झोप? झोपेचं तर मला वरदान आहे! ही तुमची खुर्ची बरी आहे, मागं कलते. आमच्या सीटला एवढं सुख असतं, तर मी रिटायरच झालो नसतो. हां, तर काय सांगत होतो, पाठ टेकली की मी ढाराढूर. एकदा भूकंप झाला...

(शांतता. मग दार हळूच लोटल्याचा आवाज. बऱ्याच वेळाने पुन्हा तोच आवाज.)

ड्रायव्हर : ...घर हललं, भांडी पडली, शेजाऱ्यांनी मला गादीसकट उचलून रस्त्यावर नेऊन ठेवलं, तरी जाग नाही! थकवा कशाशी खातात, ते मला ठाऊकच नाही.

डॉक्टर : खोटं, काका.

ड्रायव्हर : अहो, शेजाऱ्यांना विचारा!

डॉक्टर : 'भूकंप झाला' म्हणालात आणि डोळे मिटलेत. मी मधे बाहेरचे सगळे पेशंट तपासून आले.