उतार आहे का?

…नाही, पण पाण्याला काही लाज? तुम्हीच सांगा मला! बाल्कनी कशासाठी असते? वारा खायला, कपडे वाळत घालायला, फार तर समोरच्यांकडे काय चाललंय ते बघायला. आमच्या बाल्कनीत पाणी राहायलाच आलं होतं! अहो, पाऊस केव्हाच थांबलेला, रस्ते सुकले, झाडं सुकली, लोक छत्र्या विसरून यायला लागले, आणि आमच्याकडे तळं आपलं तसंच! बरं, गपचूप एका जागी बसेल तर शपथ. पाणी जायची जाळी बाहेरच्या कोपऱ्यात, आणि पाणी निघालं आत! घर बांधणाऱ्यानं उतार दिला नव्हता असं नाही, खोटं कशाला बोलू, दिला होता, पण घराच्या दिशेनं दिला होता. त्याला वाटलं असेल, दारात आलंय बिचारं, येऊ दे की आत! तुम्हाला सांगतो, जगात सगळं मिळतं हो, पण हवा तिथे उतार मिळत नाही.

आणि बाल्कनीला लागून खोली कुणाची? तर अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. दाराशी त्यांची कॉट, कॉटखाली त्यांच्या चपला. सकाळी उठून बघावं तर एक चप्पल जागेवर आणि दुसरी पोहत पोहत टेबलाखाली! भिंतीला ओल, गादीला वास, अण्णांना खोकला. पण तक्रार? छे! नाव नको. चहाचं आधण ठेवायच्या आत अण्णा हातात वायपर घेऊन बाल्कनीत हजर. खर्र… खर्र… पाणी जाळीकडे ढकलायचं. पाणी परत यायचं. हे परत ढकलायचे. ते परत यायचं. अहो, दोघंही ऐकेनात! मी अंथरुणातून ओरडायचो, "अण्णा, खोकताय, राहू द्या ना!" तर तिकडून आवाज यायचा, अगदी हेडमास्तरी आवाज, "तू झोप रे! माझ्याशिवाय या घरातलं पाणी हलत नाही."

मी म्हटलं, आता बास. जुनी फरशी उकरायची, नवी खरखरीत घालायची आणि उतार बाहेर, जाळीकडे. सोपं आहे ना? पण सोपी गोष्ट सोपी राहिली तर ती आमच्या घरातली कसली! मिस्त्री आला. माणूस गोड, पण त्याला एक सवय. काही विचारा, म्हणणार, "साहेब, तुम्ही फक्त बोला." फरशी कुठली चांगली? "तुम्ही फक्त बोला." काम कधी संपेल? "तुम्ही फक्त बोला." अरे, मीच बोलायचं तर तू कशाला आलास? त्यानं जुनी फरशी फोडली, घरभर धूळ, डाळीत धूळ, चष्म्यावर धूळ, बायको माझ्याकडे असं बघायची, जसं काही मीच सिमेंटचा कारखाना काढलाय! आणि मग मिस्त्री म्हणाला, "साहेब, खाली सिमेंटचा माल टाकतानाच उतार काढावा लागतो, एकदा फरशी बसली की बसली. सपाट म्हणाल तर सपाट, उतार म्हणाल तर उतार. तुम्ही फक्त बोला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात कॉटवरून अण्णा, "उतार नको."

"अहो अण्णा, उतार नको काय? त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!"

"पाणी आपलं आपण जायला लागलं, तर मी सकाळी उठू कशाला?"

आम्ही हसलो. सगळेच हसलो. अहो, विनोद वाटला आम्हाला! मिस्त्री म्हणाला, "आधी घरात एकमत करा, मग मला कळवा," आणि गेला. आणि त्याच संध्याकाळी अण्णांना ताप भरला.

ताप म्हणजे कसला? अंगावर हात ठेववेना. डॉक्टर म्हणाले, दाखल करा. मी आणि बायको आळीपाळीनं दवाखान्यात, घराची किल्ली मिस्त्रीकडे, जग गेलं खड्ड्यात! अण्णा कॉटवर उताणे. नर्स यायची, "आजोबा, तोंड उघडा… आजोबा, तोंड मिटा," थर्मामीटर बघायची आणि काही न बोलता लिहून जायची. काही न बोलता! तुम्हाला सांगतो, बोलणाऱ्या माणसाचं काही वाटत नाही, पण थर्मामीटर बघून गप्प बसणारी बाई… घाबरलो होतो हो मी. सरळ सांगतो, घाबरलो होतो.

आणि वर ते फोन! तुमच्याकडे कुणी आजारी पडलंय कधी? मग तुम्हाला माहीत असेल. आत्याचा फोन, रडक्या आवाजात, "अरे, तापाला उतार आहे का?" नाही आत्या. मेव्हण्याचा फोन, मागे टीव्ही चालू, "काय, उतार वगैरे?" नाही रे. अण्णांच्या ऑफिसातले एक जुने मित्र, त्यांना ऐकू येत नाही, "उतार आहे काऽऽ?" नाही होऽऽ! सगळा व्हरांडा माझ्याकडे बघतोय. शेवटी शेवटी तर फोन वाजला की मी 'हॅलो'च्या ऐवजी 'उतार नाही' म्हणायला लागलो. तुम्हाला सांगतो, जगात सगळं मिळतं, पण हवा तिथे उतार मिळत नाही.

तशात एक फोन आला. नंबर अनोळखी. मागे काहीतरी खडखडतंय, इकडे माझ्या शेजारून स्ट्रेचर चाललंय कुईकुई करत. पलीकडून आवाज, "साहेब, उतार?"

म्हटलं, "नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही हो. नावाला नाही."

"म्हणजे सपाट?"

मी दारातून आत पाहिलं. अण्णा पडलेले, डोळे मिटलेले, हात दोन बाजूंना. म्हटलं, "सपाट. एकदम सपाट."

"बघा हं… नंतर म्हणाल…"

"अहो, नंतरचं नंतर बघू! जे नशिबात असेल ते होईल!"

"बरं बाबा. तुमची मर्जी." फोन बंद.

आता मला सांगा, आपल्या बापाच्या तापाबद्दल कुणी 'तुमची मर्जी' म्हणालं, तर शहाण्या माणसाला संशय यायला नको? मला आला नाही! मी म्हटलं, असेल कुणी लांबचा नातेवाईक, लांबचे असेच तुटक बोलतात.

पुढे ताप उतरला एकदाचा. अण्णांना घरी आणलं. धरून धरून जिना चढवला, कॉटवर निजवलं आणि मी बाल्कनीत गेलो. मिस्त्री उभा. चेहऱ्यावर काय तेज! म्हणाला, "साहेब, बघा." खिशातून गोटी काढली, काचेची, फरशीवर ठेवली. गोटी हलेना! इकडे ठेवली, हलेना! तिकडे ठेवली, हलेना! "आयुष्यात एवढी सपाट फरशी घातली नाही साहेब!" मी तांब्याभर पाणी आणलं आणि ओतलं. पाणी पसरलं, थांबलं आणि माझ्याकडे बघत बसलं. धड आत येईना, धड बाहेर जाईना!

"अरे, उतार कुठाय?"

"तुम्हीच बोललात नको म्हणून! माझा फोन मालाच्या घमेल्यात पडला, म्हणून दुसऱ्याचा घेऊन लावला. तीन-तीनदा विचारलं. 'एकदम सपाट' म्हणालात!"

मी गोटीकडे बघितलं. करणार काय? मिस्त्री म्हणाला, फोडून परत करू. पण आत आजारी माणूस, त्याच्या उशाशी छिन्नी-हातोडा चालवायचा? म्हटलं, राहू दे सध्या, अण्णा हिंडाफिरायला लागले की बघू.

आणि अण्णा हिंडेफिरेनातच. ताप गेला, पण जाताना माणसाला घेऊन गेल्यासारखा गेला हो. भिंतीकडे तोंड करून पडून. डॉक्टर म्हणाले, "चालवा त्यांना. आत्ता पडून राहिले तर पडूनच राहतील." आम्ही काठी आणली, नको. चालायचं स्टँड आणलं, त्यावर टॉवेल वाळत घातला! मी म्हटलं, "अण्णा, उठा ना थोडे." भिंतीकडे बघत म्हणाले, "उठून करू काय?" …हसणार नाही ना आता? आम्हीही हसलो नाही.

मग एका रात्री पाऊस झाला. सकाळी मी चहा घेऊन गेलो तर अण्णांची मान वळलेली. दाराकडे. बाल्कनीत पाणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि त्यात अख्खं आभाळ. म्हणाले, "साचलंय की रे." म्हटलं, "हो, साचलंय." "मग बघत काय उभा राहिलास? माझा वायपर कुठाय?"

उठले! पाय थरथरतायत, दांडा थरथरतोय, मागून त्यांचा सदरा मुठीत धरून मीही थरथरतोय! खर्र… दोन फरश्यांपुरतं पाणी हललं असेल. दम लागला, बसले. म्हणाले, "उरलेलं उद्या." बायको दारामागे डोळे पुसत होती, मला विचारते, "धूळ अजून आहे का हो घरात?"

त्याच दिवशी मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, "साहेब, येतो, फोडतो, फक्कड उतार काढून देतो, तुम्ही फक्त बोला." बोललो. म्हटलं, "उतार नको." मग म्हणाला, "साहेब, या वेळी नक्की फरशीबद्दलच बोलताय ना?"

आता पाऊस संपलाय. आभाळ कोरडं ठाक. मग पाणी कुठून येणार? सांगतो, पण घरात बोलू नका. अण्णांच्या आधी मी उठतो, चोरपावलांनी बादली भरतो आणि बाल्कनीत ओततो. मी! ज्यानं पाणी जावं म्हणून घर उकरलं, तो मी! ओतायचं, परत अंथरुणात शिरायचं, डोळे मिटायचे आणि कान द्यायचा. एखाद्या दिवशी खर्र लवकर येतं. एखाद्या दिवशी येतच नाही… येतच नाही… मी छताकडे बघत पडतो… आणि मग येतं. खर्र. तुम्हाला सांगतो, जगात सगळं मिळतं, आणि एखादी गोष्ट मिळाली नाही हेच बरं असतं.

काल खर्र ऐकून उठलो आणि अण्णांच्या मागे दाराशी उभा होतो, मुठीत त्यांचा सदरा. अण्णा थांबले, कोरड्या आभाळाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाऊस नाही, पाणी नाही, तरी हे साचतंच! कुठल्या गाढवानं केलंय रे हे काम?"

मी म्हटलं, "आहे अण्णा. ओळखीतलाच आहे."