सारजा कोम कोण?

...आन वर लोकं मलाच इचारत्यात, 'सोपानराव, पोरीचं लग्न झालंय का न्हाय?' आता काय सांगू, कपाळ माझं! तुमाला सांगतो मंडळी, कळंबातनं कोर्टाच्या पाच खेपा मारल्या, पस्तीस सालापास्नं चपला झिजवतोय, पर झालंय का न्हाय, ते काय अजून ठरंना!

आवो, नवरा म्हनून दाखवला अंथुर्ण्याचा झुंबर, चांगला पंचविशीतला, मिशीला पीळबीळ... आन माझ्या दारच्या मांडवात उभा केला त्याचा थोरला भाऊ म्हस्कू! पन्नाशीचा! दोन बायका घरात! बाशिंगाखाली कुणाचं तोंड दिसतंय व्हय? अक्षता पडल्या, बाशिंग सुटलं, आन माझी सारजा अशी किंचाळली म्हनता... घरात पळाली, कडी लावली. 'आबा, मरंन पर तितं नांदायला जानार न्हाय!'

म्हनून वकिलाकडं गेलो. म्हटलं, काडीमोड करून द्या. तर चष्मा पुसत म्हनतो कसा, "छे छे! काडीमोड म्हणजे झालेलं लग्न मोडणं. तुमची तर फसवणूक झाली. तेव्हा लग्न झालंच नव्हतं, असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं!" बरं बाबा. तीनशे पान उठलं, शेजारच्या ठमाबाईनं पाच डाव बुंदी वाढून घेतली... पर झालंच न्हाय!

तारखेला म्हस्कूचा वकील ताडकन उठला, "रावसाहेब, अर्जाची पहिली ओळ बघा! 'सारजा कोम म्हस्कू'! कोम म्हणजे बायको! बाई स्वतःच कबूल करतेय!" झालं! अर्ज फेटाळला! आवो, कोर्टाच्या कागदात बाईमानसाच्या नावाम्होरं कोम लिवायची चालच हाय, आमच्या वकिलाच्या कारकुनानं हाताच्या सवयीनं लिवलं... पर आयकतो कोन?

मग नवा अर्ज. ह्या टायमाला सोता म्होरं बसून लिवून घेतलं, 'सारजा, बाप सोपान, कुमारी.' कोर्टातला कारकून चष्म्यावरनं बघतोय, "मुलगी कुमारी आहे?" व्हय, म्हटलं. "मग रद्द काय करताय? आधी लग्न करा, मग या!" आन गेला की शेरा, 'अर्जदार अविवाहित, सबब अर्ज नामंजूर.' शिक्क्यासकट!

आता म्हस्कूकडं 'बायको' म्हननारा एक कागद, माझ्याकडं 'अविवाहित' म्हननारा एक. शिक्का दोन्हीवर त्योच! सारजा खूश, कागद उशाला घिऊन झोपतीया. पर मिरच्या घिऊन बारामतीच्या बाजाराला निघालं का मधी म्हस्कूचं अंथुर्णं! म्हंजी गाडीत बसताना पोर कुमारी, अंथुर्ण्यात शिरली का म्हस्कूची कोम... आन बारामतीत उतरली का? मला नगा इचारू बाबांनो, मी नुसता बाप हाय... कारकुनाला इचारा!