नऊ हजार सहाशेचा वेग आणि प्रेमदासभाऊंचा मेमो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सूतगिरणीचे चेअरमन सन्माननीय किसनरावजी, सेलूहून खास आलेले निवृत्त प्राचार्य प्रभाकररावजी, सत्कारमूर्ती प्रेमदासभाऊ, त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याहून जास्त घाम पुसणाऱ्या कमलावहिनी, आणि जेवणाच्या मंडपाकडे अर्धं तोंड करून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सूत्रसंचालक गुंजनताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी दहा घेणार, हे त्यांनाही ठाऊक आहे.

माझ्याआधी चार वक्त्यांनी प्रेमदासभाऊंना शांत आणि संयमी म्हटलं. माणूस निवृत्त होताना आपण काहीही बोलतो! प्रयोगशाळेतल्या संगणकावर कोणी चहाचा कप ठेवला, तर या शांत माणसाचा आवाज पार गेटवरच्या चौकीदाराला ऐकू जायचा. मी सत्तावीस वर्षं ऐकलाय, त्यात निम्म्या वेळा कप माझा होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या प्रयोगशाळेत सूत तपासायचं यंत्र आहे. त्याची जाडजूड सीरियल केबल संगणकाला लागते, आणि तोच संगणक नेटवर्कनं ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेला आहे. तेव्हा यंत्राचं ऐकायला एक सॉफ्टवेअर होतं आणि सर्व्हरशी बोलायला दुसरं. आमच्या कोकिळाताई पहिल्यातले आकडे कागदावर उतरवायच्या आणि दुसऱ्यात टाइप करायच्या. दोन्ही कामं करणारं एकच टर्मिनल सॉफ्टवेअर का घेऊ नये, असं प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या भाऊंनी विचारलं. झालं! गिरणीत कोणी शहाणा प्रश्न विचारला की आपण काय करतो? समिती नेमतो. पाच जणांची नेमली, मीही त्यात होतो. विषय कळणारे एकटे प्रेमदासभाऊ, आणि बैठकीत नेमकी त्यांनाच खुर्ची पुरली नाही.

नागपूरहून एक विक्रेता आला. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रंगीत खिडक्या होत्या आणि पिशवीत संत्रा बर्फी. माझं मत बर्फीच्या दुसऱ्या तुकड्यालाच पडलं. भाऊंनी मात्र फुकटातलं, एका छोट्या फाइलीचं सॉफ्टवेअर पुढे केलं. काळी खिडकी, पांढरी अक्षरं. मी म्हणालो, "काय भाऊ, हे त सुतक पडल्यासारखं दिसते!"

भाऊ म्हणाले, "मास्तर, दिसते कसं ते सोडा. याले यंत्राची केबल लावून पाहू."

लावली. विक्रेत्याचं सॉफ्टवेअर सर्व्हरशी छान गप्पा मारत होतं, पण यंत्रासमोर मुकं. सीरियलची सोय म्हणे वरच्या आवृत्तीत होती. काळ्या खिडकीत मात्र सुताचे आकडे टपाटप उतरले आणि तिथूनच सर्व्हरवरही गेले. समितीनं तेच निवडलं. खंडेनवमीला आपण यंत्रांसोबत त्या मॉनिटरलाही झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं. फोटोत सगळ्यात पुढे मी आहे.

हरलेल्या माणसाला बटणं दाबायची फार हौस असते. मी तेव्हा स्पिनिंग मास्टर. आयुष्यभर चात्या पळवल्या. चाती जोरात फिरली की सूत जास्त, एवढंच माझं शास्त्र. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत गेलो. खिडकीत लिहिलं होतं, वेग नऊ हजार सहाशे. मला हसू आलं. आमच्या चात्या अठरा हजारांनी फिरतात आणि हे साडेनऊवर रेंगाळतंय? यादीत पुढे एकोणीस हजार दोनशे होतं. निवडलं, सेव्ह केलं, आणि मिशीला पीळ देत बाहेर पडलो.

दुपारी पडद्यावर नुसता अक्षरांचा कचरा. तपासणीचा रिपोर्ट निघेना, इचलकरंजीला सूत नेणारा ट्रक दोन दिवस गेटवर उभा. भाऊ त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी रजेवर गेले होते. ऑफिसनं कोकिळाताईंना जाब विचारायला उभं केलं. त्या कंत्राटावर होत्या, महिनाअखेर कंत्राट संपणार होतं. "मी कशालेच हात नाई लावला जी, मी त डबा खायले गेलती," असं त्या सांगत होत्या, रडत होत्या. मी तिथेच होतो. गप्प होतो.

तिसऱ्या दिवशी भाऊ आले आणि दहा मिनिटांत आकडे सुरू झाले. मग माझ्या टेबलाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, यंत्र ज्या वेगानं बोलते, त्याच वेगानं आयकावं लागते. ते काई चाती नोहे."

मी म्हणालो, "मले काऊन सांगून राह्यले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरळ ऑफिसात गेले. तिथे सांगितलं, "रजेवर जायच्या आधी सेटिंग माझ्याच हातून बदललं." कोकिळाताईंचं कंत्राट वाचलं. भाऊंना मेमो मिळाला. पुढच्या वर्षी तांत्रिक व्यवस्थापकाच्या जागेसाठी आम्ही दोघं होतो, आणि तो मेमो पुढे करून त्यांचं नाव बाजूला ठेवलं गेलं. त्या खुर्चीत पाच वर्षं कोण बसलंय, ते तुम्ही बघताच आहात.

भाऊ, हातवारे करून मला खाली बसवू नका. आज तुमचं ऐकणार नाही. मला लाज वाटते, आणि ती सहा वर्षं रोज वाटत आली आहे. कोकिळाताई, तुमचे डोळे मी तेव्हा पाहिले होते, तरी तोंड उघडलं नाही. तुमची हात जोडून माफी मागतो.

किसनरावजी, हे पत्र मी सही करून आणलंय. यात सगळं तारखेनिशी आहे. कारवाई जी होईल ती मान्य आहे. प्रेमदासभाऊ आज दारातून बाहेर पडायच्या आधी तो मेमो त्यांच्या नावावरून निघाला पाहिजे, एवढीच विनंती.

आपण सगळ्यांनी भुकेल्या पोटी माझं ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. ही एक चूक मात्र पोटात घालू नका. माझ्या फाइलला लावा.