चाळीसच्या चाळीस हजर

एक्स-रेच्या रांगेत माझ्या पुढच्या बाकावर प्लॅस्टरमधला पाय लांब करून एक आजोबा बसले होते. शेजारी उभी असलेली त्यांची सून वॉर्डातल्या मावशींना गाठून विचारत होती.

"मावशी, तास झाला. व्हीलचेअर आणताय ना?"

"काँप्युटरवर चाळीस दाखवतायत, ताई. चाळीसच्या चाळीस स्टोअरमध्ये."

"काँप्युटरला काय कळतंय?"

"असं कसं? प्रत्येक खुर्चीला रेडिओचा टॅग लावलाय. खुर्ची कुठे आहे, ते तो टॅग आपोआप कळवतो. एकही खुर्ची हरवली नाही म्हणून साहेबांचा सत्कारसुद्धा झाला."

"मग आणा ना त्यातली एक!"

"स्टोअरमध्ये खुर्ची कुठंय?"

"आत्ताच चाळीस म्हणालात!"

"टॅग चाळीस आहेत. खुर्च्या धुताना ते सुटून पडायचे आणि एक हरवला की स्टोअरकीपरला नोटीस. मग त्या शहाण्याने सगळे सोलून काढले आणि कपाटात कुलूप घालून ठेवले. तेव्हापासून एक हरवला असेल तर शपथ!"

"धन्य आहे! आणि खुर्च्या?"

"त्या कोण शोधतंय? काँप्युटरवर हजर आहेत की."

"ऐकलंत का, बाबा?"

"ऐकलं. मावशी, त्यातला एक टॅग आणून मला चिकटव बघू."

"तुम्हाला कशाला, आजोबा?"

"टॅग शोधायला तरी कुणीतरी इथवर येईल."