अध्यक्षांचा कट्टा

आमच्या तालमीच्या झांजपथकाचं नाव काढलं की मला अजून राग येतो बघा. पेठेत टीव्ही यायच्या आधीची गोष्ट हाय. ढोलांची कातडी कडंनं फाटलेली, नवी घालायला पैसा हवा, म्हणून मैदानात कनाती बांधून तिकिटावर खेळ करायचं ठरलं.

तालमीचे अध्यक्ष म्हणाले, "त्या बाजूला कनात कशाला? माझं घरच आडवं हाय. तेवढंच भाडं वाचंल."

आम्हाला पटलं.

खेळ सुरू झाला. बघतोय तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि अध्यक्षांच्या कट्ट्यावर पाय ठेवायला जागा न्हाय. गडमुडशिंगीची समदी सासुरवाडी बोलावलेली, हातात चहाच्या कपबशा.

मी ढोल थांबवून म्हटलं, "अध्यक्ष, पावण्यांची तिकिटं?"

"घरच्या माणसांस्नी कसलं तिकीट?" ते बसूनच म्हणाले. "आणि सासूबाईंस्नी तुमची पाठच दिसतीया. जरा इकडं तोंड करून वाजवा की."

मी ढोल खाली ठेवला. आम्ही चौघांनी रस्त्याकडची कनात सोडली आणि नेऊन त्यांच्या कट्ट्यासमोर ताणून बांधली. आख्ख्या पेठेनं रस्त्यावर उभं राहून फुकट खेळ बघितला.

ढोल फाटकेच राहिले. पण त्या माणसाला आम्ही दिसलो न्हाय.