क्रेनला जड, विम्याला हलका

नवरा : तू काहीही सांग, त्या हॉस्पिटलनं काटा मारलाय. घरी एकशे तेवीस, तिथे एकशे सतरा. मधले सहा किलो काय लिफ्टमध्ये सांडले?

मेहुणा : भावजी, हॉस्पिटल कशाला काटा मारेल? ऑपरेशन झालं तर पैसे त्यांनाच मिळणार.

नवरा : मग तुमच्या विमावाल्यांनी सांगितलं असेल. आतून सगळे एकच. घेताना गोड गोड, आणि द्यायची वेळ आली की मखलाशी.

मेहुणा : आता माझ्यावरच संशय? पॉलिसी तुमच्या बांधकाम कंपनीची. मी आपला विम्याच्या ऑफिसात बसून कागद पुढे सरकवणारा. आणि अट पहिल्याच दिवशी सांगितली होती मी. तुमच्या उंचीला वजन एकशे वीसच्या वर असेल, तरच पोट लहान करायच्या ऑपरेशनचा खर्च मिळणार. आणि मंजुरीच्या आधी वजन पुन्हा करणार.

नवरा : म्हणजे काय मजा आहे बघ. साइटवरचे म्हणतात, शंभरच्या खाली आलास तरच क्रेनच्या शिडीला हात लाव. विमावाले म्हणतात, एकशे विसाच्या वर राहिलास तरच ऑपरेशन. क्रेनला मी जड आणि विम्याला मी हलका! वीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस, वर्षभर गेटवर बसून ट्रकांचे नंबर लिहितोय. कालची पोरं माझ्या केबिनमध्ये बसतात आणि वरून हात हलवतात मला.

बायको : चहा घ्या. गार होतोय.

नवरा : चहा राहू दे. तू का गप्प?

बायको : मी काय बोलू? कमी झालं तर चांगलंच झालं की. लोक त्यासाठी उपाशी राहतात.

नवरा : चांगलं? अगं, चार वेळा उतरवलंय मी वजन. चालून उतरवलं, पळून उतरवलं, पाला खाऊन उतरवलं. चारही वेळा परत आलं, आणि येताना भावंडं घेऊन आलं.

बायको : मग ऑपरेशननंतर येणार नाही, असं लिहून दिलंय का त्यांनी?

मेहुणा : तसं कुणीच देत नाही, ताई. डॉक्टरांनी दोन प्रकार समजावले. एकात पोटाचा मोठा भाग काढून टाकतात, राहतं ते केळ्याएवढं. दुसऱ्यात पोट लहान करून आतड्याला वळसा घालतात. भावजींना पहिलं सांगितलंय. पण डॉक्टर म्हणाले, पोट आम्ही लहान करू, जीभ तुमची तुम्ही सांभाळा. थोडं थोडं खायचं, चालायचं, दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. जन्मभर.

नवरा : सांभाळीन की. सांभाळायला आधी ऑपरेशन तर होऊ दे! मला तो काटा खोटा पाडायचाय. अगं, तो आतला वजनकाटा आण. आणि काल आणलेली तांदळाची पिशवी फोडलीस का?

बायको : नाही. कशाला?

नवरा : दहा किलो छापलंय ना वर? क्रेनवर पहिला धडा हाच. माल उचलायच्या आधी काटा तपासायचा. घरचा काटा दहाच दाखवतो हे सिद्ध झालं, की हॉस्पिटलचा खोटा ठरला. मग बघतो एकेकाला.

बायको : अहो, आता कुठे ते पसारे? जेवायची वेळ झालीय.

नवरा : आण म्हणतो ना. नाहीतर तू जा रे, तुला माहितीये कुठे आहे.

(मेहुणा काटा आणून जमिनीवर ठेवतो, त्यावर पिशवी. दोघे वाकून बघतात. बायको वाकत नाही.)

मेहुणा : दहा. बरोबर दहा.

नवरा : बघ! सांगत होतो ना? आपला काटा चोख.

मेहुणा : भावजी, काटा इथे आहेच, तर तुम्हीही उभे राहा ना एकदा. फोटो काढतो, पुरावा होईल.

बायको : चहा पिऊन झालाय, पोट भरलेलं आहे. आता कुठे.

नवरा : चहाला मी हातसुद्धा लावलेला नाही. हं, राहिलो उभा. वाच.

मेहुणा : भावजी...

नवरा : अरे वाच ना. पोटाच्या पलीकडचं मला कुठे दिसतंय? दर रविवारी हीच वाचते.

मेहुणा : एकशे सतरा.

नवरा : परत बघ.

मेहुणा : बघितलं. एकशे सतराच.

नवरा : म्हणजे काटा खरा. हॉस्पिटलही खरं. खोटं वाचणारी तेवढी घरातली निघाली.

बायको : तेल निम्मं केलं मी. ताटं लहान आणली. जेवणाआधी वाटीभर सूप पाजत होते. तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

नवरा : आणि रविवारी तोंडावर सांगायचीस, एकशे चोवीस, एकशे तेवीस. मी शहाणा निर्धास्त!

मेहुणा : ताई, ऑपरेशनची एवढी धास्ती होती तर मला बोलायचंस. असू दे. महिन्याभरानं पुन्हा वजन करता येतं, मी अर्ज देतो.

नवरा : दे. तोवर मी बाहेर जेवतो. पण थांब, ही ऑपरेशनची धास्ती नाही. माझा पट्टा एक भोक आत गेला आणि तिथेच थांबला. गेल्या महिन्यापासून पावावर लोण्याचा थर परत आलाय. मला वाटलं, बायको लाड करतेय! उतरवायचंच होतं, तर एकशे सतरावर का थांबलीस?

मेहुणा : भावजी, हळू.

नवरा : विम्याच्या खाली, क्रेनच्या वर. बरोब्बर मध्ये. मोजूनमापून लटकवून ठेवलंस मला.

बायको : हो, ठेवलं. गेटवर असता तेव्हा तुम्ही जमिनीवर असता. मला दिवसभर बरं वाटतं.

नवरा : वीस वर्षं वरच होतो की मी. तेव्हा नाही कधी भ्यालीस.

बायको : तेव्हा बघितलं नव्हतं.

नवरा : काय बघितलं नव्हतं?

बायको : गेल्या वर्षी क्रेनच्या शिडीवर दम लागला होता तुम्हाला, त्या दिवशी. मुकादमाचा फोन आला मला. असाल तशा या, म्हणाला.

नवरा : मुकादम मला बोलला नाही. तू... तू आली होतीस साइटवर?

बायको : आले तेव्हा तुम्ही अर्ध्यावर होतात. शिडीला मिठी मारून. खालून एवढेसे दिसत होतात. तुम्हाला दोर लावून उतरवेपर्यंत मी विटांच्या ढिगाआड उभी होते. मग तुमच्या आधी घर गाठलं. तुम्ही आलात आणि म्हणालात, आज काम जरा लांबलं.

नवरा : तुला घोर नको म्हणून म्हणालो. आणि तसं पुन्हा होऊ नये म्हणूनच तर कापून घेतोय ना पोट.

बायको : कळतं हो मला. डोक्याला कळतं.

नवरा : एवढी धावत आलीस. मग एक हाक नाही मारलीस?

बायको : मारली असती, तर तुम्ही खाली बघितलं असतंत.